मांगल्याला मोजमापाचे वावडे नाही

जुलै 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने सार्वजनिक गणेशोत्सव हा 'राज्योत्सव' असल्याची घोषणा केली. त्याच महिन्यात तेच सरकार प्लास्टर ऑफ पॅरिसच्या उंच मूर्ती समुद्रात विसर्जित करू द्याव्यात म्हणून मुंबई उच्च न्यायालयात बाजू मांडत होते. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. राज्याने उत्सव आपला म्हटला म्हणजे त्याचा आनंद जसा राज्याचा झाला, तसा त्याचा आवाज, त्याचा गाळ आणि त्याच्यासाठी राबणारा निसर्गही राज्याच्या जबाबदारीत आला. गणपतीपासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांत विज्ञान दरवर्षी राजकारणाच्या दारात उभे राहते. किती डेसिबल, किती फूट, कोणती माती, कोणते पाणी, असे साधे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलली जातात. माझे म्हणणे असे की, उत्सव कसा साजरा करायचा हे विज्ञान ठरवू शकत नाही आणि त्याने ठरवूही नये. पण उत्सवाची किंमत किती आणि ती कोणाच्या पदरी पडते, एवढे ते बऱ्याच नेमकेपणाने सांगू शकते. ती किंमत उघडपणे मान्य करून निर्णय घेणे हे राजकारणाचे काम आहे. आपले राजकारण ते करत नाही. ते कधी मोजमाप नाकारते, तर कधी मोजमापाच्या आड लपते. यात कानांचे, पाण्याचे आणि डोंगरांचे नुकसान होतेच, शिवाय खुद्द उत्सवाचीही प्रतिष्ठा कमी होते.

उत्सवाचे रूप अनादी आहे आणि त्याला हात लावता येत नाही, ही समजूत आधी बाजूला ठेवायला हवी. सार्वजनिक गणेशोत्सव हे जाणीवपूर्वक घडवलेले रूप आहे. 1892-93 च्या सुमारास पुण्यात भाऊसाहेब रंगारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि लगोलग लोकमान्य टिळकांनी 'केसरी'च्या बळावर, घरातला गणपती चौकात आणला. त्याला समाजाच्या एकत्र येण्याचे आणि राजकीय जागृतीचे साधन बनवले. त्या काळच्या उत्सवाचे संगीत म्हणजे मेळे. एकसारख्या पोशाखातली मुले पदे म्हणत चौकाचौकांतून जात आणि त्या पदांतला राजकीय आशय इतका स्पष्ट असे की इंग्रज सरकारने त्यांच्यावर नजर ठेवली, पुढे बंधनेही घातली. 1920 च्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीने पुण्यात छत्रपती मेळा उभा केला आणि त्याच उत्सवाच्या रस्त्यावर सामाजिक विषमतेचा प्रश्न गाऊन मांडला. म्हणजे उत्सवाच्या गाण्यातून समाज आपसात बोलत होता, भांडतही होता आणि ते भांडण शब्दांत ऐकू येत होते. पुढे कर्णे आले, वाद्यवृंद आले, शास्त्रीय गायकांच्या मैफली मंडळांच्या मांडवात झाल्या, व्याख्यानमाला झाल्या, ढोल-ताशांची शिस्तबद्ध पथके उभी राहिली. ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंती, ज्यांना पश्चिम महाराष्ट्रात सरसकट 'डॉल्बी' म्हणतात आणि इतरत्र 'डीजे', या त्या मानाने अगदी अलीकडच्या. प्रत्येक पिढीने उत्सव बदलला आहे. आजच्या पिढीने तो बदलायचे म्हटले, तर त्यात परंपरेचा कोणताही भंग नाही. बदल हीच या उत्सवाची खरी परंपरा आहे.

आता आवाजाकडे पाहू. डेसिबल हे माप सरळ चढत्या पट्टीचे नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, तीन वाढले की जवळजवळ दुप्पट. त्यामुळे 75 आणि 105 या आकड्यांतला फरक ऐकायला तिसाचा वाटतो, पण ऊर्जेत तो हजारपट असतो. कानाच्या संरक्षणासाठी जगभर जो सावध निकष वापरतात, त्याप्रमाणे 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसण्याजोगा मानला जातो आणि पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा आणि 100 ला अवघी पंधरा मिनिटे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले, म्हणजे आताच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठातले, विद्यार्थी आणि अध्यापक वर्षानुवर्षे विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत आवाज मोजत आले आहेत. त्यांच्या नोंदी नव्वदच्या वर आणि कित्येकदा शंभरच्या पलीकडे गेलेल्या आहेत. ही मिरवणूक चोवीस तासांहूनही अधिक चालते. स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून नाचणारा तरुण, त्याच चौकात बंदोबस्ताला उभा असलेला हवालदार आणि रस्त्यालगतच्या घरातले तान्हे मूल, या तिघांच्या अंतर्कर्णातल्या केसपेशी एकाच जातीच्या असतात आणि माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

यातला एक बारकावा राजकीय चर्चेत जवळजवळ येतच नाही, तो म्हणजे ठोक्याचा. आवाज मोजण्याची नेहमीची पद्धत कानाच्या संवेदनशीलतेनुसार खालच्या पट्टीतल्या आवाजाला कमी वजन देते. 50 हर्ट्झच्या आसपासचा घुमणारा ठोका या मापनात सुमारे 30 डेसिबलने कमी धरला जातो. या ठोक्याच्या लहरीची लांबी सात मीटरच्या घरात असते. ती विटांच्या भिंतीने अडत नाही, खिडकी लावून थांबत नाही. छातीत धडधड होते, तावदाने थरथरतात, भांडी वाजतात, ते याच पट्टीमुळे. म्हणजे यंत्रावर आकडा मर्यादेच्या थोडाच वर दिसत असतानाही घरातल्या माणसाला बसणारा हादरा त्याहून कितीतरी मोठा असू शकतो. स्पीकरच्या भिंतींचे वेगळेपण इथे आहे. ढोलही मोठा वाजतो, पथकाच्या मधोमध उभे राहिले तर तोही शंभर ओलांडतो, हे मान्य करायला हवे. पण ढोल टिपरूने आणि हाताने वाजतो. वाजवणारा दमतो, थांबतो, पथक पुढे सरकते. यंत्राला दम लागत नाही. मग योग्य नियम कोणता? वाद्याच्या जातीवर बंदी घालणारा, की ऐकणाऱ्याच्या कानापाशी पोहोचणारा आवाज आणि त्याचा एकूण काळ मोजणारा? विज्ञान दुसऱ्या नियमाच्या बाजूचे आहे.

कायदा याच दिशेने आखलेला आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, रुग्णालये, शाळा आणि न्यायालयांभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात 50 आणि 40. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. ही सवलत वेळेची आहे, आवाजाच्या पातळीची नाही. पण व्यवहारात 'आज परवानगी आहे' याचा अर्थ 'आज मर्यादा नाही' असा घेतला जातो आणि तो दुरुस्त करायला कोणी लोकप्रतिनिधी पुढे येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये या नियमांच्या बाजूने सविस्तर निकाल दिला, मुंबई उच्च न्यायालयाने त्यानंतर अनेकदा सरकारला जाब विचारला. तरी कारवाई बहुधा मिरवणूक पार पडल्यावर, कागदावर होते. 2022 मध्ये राज्य सरकारने गणेशोत्सव आणि दहीहंडीच्या काळातले किरकोळ स्वरूपाचे खटले मागे घेण्याचा निर्णय केला. एका हाताने नियम करायचे, दुसऱ्या हाताने खटले पुसायचे, आणि मधल्या काळात पोलिसाने यंत्र घेऊन हजारोंच्या जमावासमोर उभे राहायचे, ही व्यवस्था कोणालाच न्याय देत नाही. उलट बाजूनेही चूक होते. 2024 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांवर तीस जणांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती लगेच स्थगित केली. माणसे मोजणे सोपे असते म्हणून माणसे मोजली गेली; मोजायला हवा होता तो आवाज. नियम मोजमापाला चिकटून नसला की तो लोकांना मनमानी वाटतो आणि मग रास्त नियमही त्याच रागात वाहून जातो.

मूर्तींच्या प्रश्नात विज्ञानामागे लपण्याचा दुसरा प्रकार दिसतो. प्लास्टर ऑफ पॅरिस (पीओपी) म्हणजे जिप्सम तापवून त्यातले बरेचसे पाणी घालवलेली भुकटी. तिच्यात पाणी घातले की ती घट्ट होऊन पुन्हा जिप्सम बनते. जिप्सम पाण्यात विरघळते, पण लिटरमागे जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. या हिशेबाने दहा किलोची मूर्ती पूर्ण विरघळायला चार हजार लिटरच्या वर पाणी लागेल आणि साचलेल्या तळ्यात ते काम महिनोन् महिने रेंगाळेल. तोवर भंगलेल्या हातापायांचे अवशेष काठाला लागतात आणि ज्याची दहा दिवस पूजा केली त्याची विटंबना सगळे बघतात. रंगांतल्या शिसे, क्रोमियम यांसारख्या धातूंचा प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर. शाडूच्या मातीची बाजूही पूर्ण निर्दोष नाही. शाडू विरघळत नाही, सुटी होऊन तळाशी बसते. ती मुख्यतः गुजरातेतून येते, म्हणजे कुठली तरी जमीन खणूनच येते. लाखो मूर्तींची माती एका लहान तलावात गेली तर तिचाही गाळ होतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने या कोंडीतून एक वाट काढली. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात पीओपीची मूर्ती ठेवली की काही दिवसांत तिचे कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेट होते. पहिले चुनखडी, दुसरे खत. पुणे महापालिकेने ही भुकटी नागरिकांना वाटली. घरगुती मूर्तीसाठी हा उपाय उत्तम, वीस फुटी मूर्तीसाठी तो चालणार नाही. विज्ञान अशीच उत्तरे देते: इतक्यासाठी हो, इतक्यासाठी नाही.

या उत्तरांचे राजकारणाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मूर्ती विसर्जनाची पहिली मार्गदर्शक तत्त्वे 2010 ची. मे 2020 मध्ये ती सुधारून पीओपीच्या मूर्तींना मनाई करण्यात आली. कोरोनाच्या वर्षांत अंमल लांबला, नंतर दरवर्षी 'यंदापुरते' म्हणून लांबत गेला. जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने काटेकोर अंमलबजावणीचा आदेश दिल्यावर धावपळ सुरू झाली. प्रश्न डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे गेला. तज्ज्ञांनी उत्तर दिले, केंद्रीय मंडळाने भूमिका सौम्य केली. जूनमध्ये न्यायालयाने मूर्ती बनवायला मोकळीक दिली, मात्र नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जनाला नाही. जुलैच्या अखेरीस सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करण्याचा आदेश आला. तज्ज्ञांना विचारले यात काहीच गैर नाही. गैर आहे ते विचारण्याच्या वेळेत आणि हेतूत. पंधरा वर्षे हातात असताना न विचारता, मूर्ती कारखान्यांत तयार होत असताना विचारायचे आणि मिळालेल्या उत्तराला राजकीय निर्णयाचे नाव न देता 'तज्ज्ञ म्हणतात' म्हणून पुढे करायचे. तज्ज्ञ फार तर एवढे सांगू शकतात की खोल समुद्रात अमुक इतके जिप्सम गेल्याने होणारा परिणाम किनाऱ्याजवळच्या परिणामापेक्षा कमी असेल. उंच मूर्ती हव्यात की नकोत, हे मूल्य ठरवण्याचे काम तज्ज्ञांचे नाही. ते सरकारने आपल्या सहीने ठरवावे आणि त्याचे कारण लोकांना सांगावे.

कोकण आणि गोव्याकडे पाहिले की उत्सव आणि निसर्ग यांचे दुसरे नातेही दिसते. तळकोकणात माटवी आणि गोव्यात माटोळी बांधल्याखेरीज गणपती बसत नाही. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या त्या लाकडी चौकटीला आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचे घोस, लालभडक कवंडळ, शेरवडीची पांढरी पाने, तेरडा, कळलावीची फुले बांधतात. यातल्या कितीतरी गोष्टी बाजारात पिकत नाहीत; त्या रानात, कुंपणावर, कातळाच्या कडेला सापडतात आणि त्या कुठे, कधी सापडतात हे घरातल्या जाणत्या माणसाला ठाऊक असते. देशावरच्या पूजेतल्या एकवीस पत्रींचेही तेच. आघाडा, माका, शमी, डोरली, रुई, अर्जुन ही नावे म्हणजे परिसराच्या वनस्पतींची तोंडी नोंदवही. सणाच्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी माणसाने आपल्या भोवतालाची हजेरी घ्यावी, अशी ही व्यवस्था. तेव्हा निसर्गाचे भान म्हणजे सणावर बाहेरून लादलेली अट असे कोणी म्हटले, तर माटवी त्याला उत्तर देते. अट आधीपासून सणाच्या पोटात आहे.

संगीताच्या बाबतीत गोव्यातलाच दाखला सर्वांत बोलका. घुमट हे आरतीचे वाद्य. दोन्ही तोंडे उघडी असलेले मातीचे भांडे, त्याच्या मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसवलेले. लहान तोंडावर हाताचा तळवा उघडझाप करत वादक नाद घुमवतो. साथीला शामेळ आणि कासाळे. हे कातडे परंपरेने घोरपडीचे. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आली आणि घुमटाला घोरपडीचे कातडे लावणे गुन्हा ठरला. एका श्रद्धेच्या वाद्यावर आलेला हा खराखुरा आघात होता. यावर वाद झाले. बकऱ्याच्या कातड्याला तो नाद नाही असे वादक म्हणाले, आणि त्यांच्या कानाला ते खरेही वाटत असणार. पण कारागिरांनी बकऱ्याचे कातडे वापरून पाहिले, ताण बदलून पाहिला, वाद्य जमवले. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारशाचे वाद्य म्हणून मान दिला. आज चतुर्थीच्या दिवसांत घुमट आरतीचे पथक दणदणून गाते. एका प्राण्याची मोजलेली दुर्मीळता आणि एका वाद्याची परंपरा यांत तडजोड झाली, आणि ती वाद्य जिवंत ठेवून झाली. मूर्तींच्या बाबतीतही गोव्यात पीओपीला बंदी आहे आणि मातीच्या मूर्ती घडवणाऱ्यांना सरकारी अनुदान मिळते. अंमलात त्रुटी असतील, पण नियम आणि आधार एकत्र देण्याची ही रीत बरोबर आहे.

हीच रीत डोंगरांच्या बाबतीत पाळली गेली नाही आणि त्याचे परिणाम उत्सवाच्या आवाजापेक्षा कितीतरी भीषण आहेत. गणपतीच्या सुमारास कासचे पठार फुलते. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या 39 स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात महाराष्ट्रातली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार आहेत. कासला रोजच्या पर्यटकांची संख्या ठरवून दिली गेली, स्थानिक गावांच्या समित्यांकडे व्यवस्थापन आले. कातळावरचा बोटभर मातीचा थर किती पावले सोसू शकतो हा प्रश्न तिथे विचारला गेला आणि उत्तर बव्हंशी मानले गेले. पण पठाराच्या पलीकडच्या अख्ख्या घाटाचा हाच प्रश्न परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या समितीने विचारला तेव्हा काय झाले? मार्च 2010 मध्ये नेमलेल्या समितीने ऑगस्ट 2011 मध्ये अहवाल दिला. तो लोकांसमोर यायला मे 2012 उजाडला आणि त्यासाठी माहिती अधिकाराची लढाई लागली. अहवालाचा गाभा असा होता की सुमारे 1,29,000 चौरस किलोमीटरच्या घाटाची संवेदनशीलतेनुसार तीन श्रेणींत विभागणी व्हावी आणि कुठे काय करायचे याचा निर्णय ग्रामसभांच्या सहभागाने व्हावा. त्याला उत्तर म्हणून वादविवाद होण्याऐवजी दुसरी समिती नेमली गेली. त्या दुसऱ्या, कस्तुरीरंगन यांच्या गटाने 2013 मध्ये संवेदनशील क्षेत्र सुमारे 60,000 चौरस किलोमीटरवर आणले. 2014 पासून हे क्षेत्र जाहीर करणाऱ्या अधिसूचनेचे मसुदे निघत आले. सहावा मसुदा 31 जुलै 2024 रोजी निघाला, वायनाडच्या दरडीने गावे गाडली त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याआधी महाराष्ट्राने 2014 मध्ये माळीण, 2021 मध्ये तळिये, 2023 मध्ये इर्शाळवाडी इथल्या दरडी पाहिल्या. प्रत्येक दरडीची कारणे वेगळी असतात आणि एखादी अधिसूचना असती तर ही माणसे वाचलीच असती, असा दावा करणे अप्रामाणिक ठरेल. पण उतारांचा, पावसाचा आणि बांधकामाचा हिशेब लोकांसमोर मांडून, लोकांना बरोबर घेऊन निर्णय करायचा हे काम दहा-बारा वर्षे झाले नाही, एवढे मात्र निर्विवाद आहे.

या सगळ्यावर गंभीर आक्षेप आहेत. पहिला असा की मोजमापाची भाषा हिंदू सणांच्याच वाट्याला येते. बाकीच्यांचे भोंगे, राजकीय सभांचे कर्णे, लग्नाच्या वराती यांना कोणी विचारत नाही. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर म्हणजे मोजमाप सार्वत्रिक करणे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे स्पष्ट केले, ते प्रार्थनास्थळांच्या भोंग्यांच्या प्रकरणात. आवाज मोजणाऱ्या यंत्राला धर्म कळत नाही, पक्ष कळत नाही. ते एकाच हाताने सर्वांच्या दारी नेले, तर तक्रारीला जागा उरत नाही. निवडक अंमलबजावणीचा दोष अंमल करणाऱ्याचा आहे. त्यासाठी मोजणेच सोडून देणे म्हणजे सर्वांना सारखाच त्रास देण्याची परवानगी मागणे.

दुसरा आक्षेप वर्गाचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. शांत उत्सवाची मागणी करणारे बहुधा बंद खिडक्यांच्या घरांत राहतात. वस्तीतल्या ज्या तरुणाला वर्षभर कोणी विचारत नाही, त्याला त्या एका रात्री रस्ता आपला वाटतो. तो आवाज म्हणजे त्याचे अस्तित्व आहे. हे खरे आहे. पण त्या आवाजाची किंमत कोण भरते, हे विचारले की चित्र बदलते. पत्र्याच्या घरातले आजारी म्हातारे माणूस, दहा बाय दहाच्या खोलीतली बाळंतीण, दुसऱ्या दिवशी पहाटे कामाला जाणारी मोलकरीण, आणि तो स्वतः, ज्याच्या कानात रात्रीनंतर शिट्टी वाजत राहते. बंद खिडक्यांच्या घरातला माणूस उत्सवात गावाबाहेर जाऊ शकतो, वस्तीतला नाही. म्हणून आवाजावरची मर्यादा ही गरिबावरची मर्यादा ठरत नाही. आज तिचा अभाव गरिबालाच सर्वांत जास्त भोवतो. मात्र त्या तरुणाला रस्त्यावरचा हक्क हवा असेल, तर त्याला ढोल, लेझीम, गाणे, मंच आणि सरावाची जागा दिली पाहिजे. मेळ्यांच्या काळात वंचितांनी रस्ता गाजवला तो आपल्या शब्दांनी. आज त्यांच्या हाती भाड्याचे यंत्र देऊन, त्यावर नेत्याचा फलक लावून, त्यालाच सहभाग म्हणायचे, हा त्या तरुणांचा सन्मान नाही.

तिसरा आक्षेप पोटाचा. पेण, हमरापूर, जोहे या भागात घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत. साचा, काथ्या, रंगकाम, डोळ्यांची आखणी यांवर हजारो कुटुंबे जगतात. पीओपी हलके, स्वस्त, पावसाळी हवेत लवकर सुकणारे. शाडू जड, ठिसूळ, सुकायला वेळ घेणारी आणि प्रवासात तडकणारी. एका आदेशाने साचे फेकून द्या म्हणणे अन्याय आहे. पण हा अन्याय विज्ञानाने केलेला नाही. 2010 पासूनची पंधरा वर्षे हाताशी असताना शाडूचा पुरवठा, सुकवणीसाठी निवारे, कागदाच्या लगद्याच्या मूर्तींचे प्रशिक्षण, कर्जाच्या मुदतीत सवलत, यांपैकी काहीही पुरेशा प्रमाणात उभे केले नाही, म्हणून शेवटी न्यायालयाचा आदेश कारागिराच्या अंगावर येऊन पडला. मूर्तिकाराच्या नावाने निर्णय लांबवणाऱ्यांनी त्याचे हित साधलेले नाही. त्याला दरवर्षी अनिश्चिततेत कच्चा माल घ्यायला लावला आहे.

चौथा आक्षेप खुद्द विज्ञानावर आहे. तज्ज्ञांची मते बदलतात, एक समिती एक सांगते, दुसरी दुसरे. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, हे सरकारनेच सांगितले होते. मग यादीवर कसा विश्वास ठेवायचा? विज्ञान चुकते, हे खरेच. पण त्याची चूक शोधून काढण्याची रीत त्याच्याच पोटात आहे. यादी अपुरी असेल तर अधिक उतारांचे सर्वेक्षण, अधिक पर्जन्यमापके, गावकऱ्यांनी पाहिलेल्या भेगांची नोंद, असा तिचा उपाय असतो. यादी चुकली म्हणून यादीच फाडायची हा उपाय कधीच नसतो. तज्ज्ञांत मतभेद असतील तर ते मराठीत, आकड्यांसह लोकांसमोर ठेवावेत. गाडगीळ अहवाल गावोगाव मराठीत पोहोचून ग्रामसभांत चर्चिला गेला असता, तर त्याच्या विरोधातलेही कितीतरी मुद्दे अधिक नेमके झाले असते आणि अहवालही सुधारला असता.

राज्योत्सव या शब्दाला अर्थ द्यायचा असेल तर काही गोष्टी याच वर्षी करता येतील. प्रत्येक महापालिकेने प्रमुख चौकांत आवाजाची कायम यंत्रे बसवून, खालच्या पट्टीतल्या ठोक्यासह, त्यांचे आकडे त्याच वेळी फलकावर दाखवावेत. मंडळांना, पोलिसांना आणि नाचणाऱ्यांना एकच आकडा दिसू दे. मर्यादा पाळणाऱ्या मंडळाला मिरवणुकीत मानाची जागा मिळावी, मोडणाऱ्याचे यंत्र तिथेच बंद व्हावे, आणि खटले मागे घेण्याचा मार्ग सरकारने कायमचा सोडावा. पीओपीबाबत पाच वर्षांचे वेळापत्रक विधिमंडळात मांडावे: कोणत्या वर्षी किती उंचीपर्यंत, त्याआधी कारागिराला काय मिळणार, आणि खोल समुद्रात काही सोडायचेच ठरले तर त्या निर्णयाखाली कोणत्या मंत्र्याची सही. घाटाच्या अधिसूचनेचा मसुदा मराठीत प्रत्येक ग्रामसभेपुढे जावा आणि नकार आला तर तोही कारणांसह नोंदला जावा. यातले काहीही सण कमी करणारे नाही. याने कमी होईल ती फक्त जबाबदारी टाळण्याची सोय.

लोकशाहीत लोक चुकीचाही निर्णय घेऊ शकतात आणि तो त्यांचा हक्क आहे. मोजमाप समोर ठेवल्यावरही एखादे गाव म्हणेल की वर्षातून एक रात्र आम्हाला मोठा आवाज हवा, त्याची किंमत आम्ही जाणतो, आजाऱ्यांची सोय आम्ही करू. तो निर्णय मला पटणार नाही, तरी मी तो प्रामाणिक मानेन. किंमत झाकून घेतलेला निर्णय मात्र लोकांचा नसतोच. तो लोकांच्या नावावर कोणीतरी परस्पर घेतलेला असतो. 1893 मध्ये गणपती चौकात आणला गेला तो लोकांनी एकत्र यावे, बोलावे, ठरवावे म्हणून. त्या ठरवण्यात आज डेसिबल, जिप्सम आणि डोंगरउतार यांचे आकडे सामील करून घेणे, हाच त्या सार्वजनिकतेचा पुढचा टप्पा आहे, आणि तो गाठायची जबाबदारी उत्सवाला आपले नाव देणाऱ्या राज्यावर सर्वांत आधी येते.